रोपाचा डोळा आणि जीवनसत्त्वाची गोळी

नवरात्रात घट बसवतात त्या घरांत एक गोष्ट दरवर्षी घडते. परडीतल्या काळ्या मातीत गहू, ज्वारी, मका पेरलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या माळेपर्यंत कोंब वर येतात. देवघर अंधारं असेल तर ते फिकट पिवळे आणि लांबसडक निघतात, आणि सगळेच्या सगळे एका बाजूला कललेले असतात. खिडकी असेल तर खिडकीकडे, नसेल तर नंदादीपाकडे. घट हलवायचा नसतो, म्हणून परडी उलटी फिरवून बघण्याचा उद्योग सहसा कुणी करत नाही. केलाच, तर कोंब काही तासांत पुन्हा उजेडाकडे वळू लागलेले दिसतील.

उजेडाकडे वळण्याच्या या गुणाला आपल्या शाळेच्या पुस्तकात प्रकाशानुवर्तन म्हटलेलं आहे. आणि अलीकडे बाल्कनीतल्या बागवाल्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. मुदत संपलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या फेकू नका, पाण्यात विरघळवून कुंडीत घाला. रोप जोमानं वाढतं, उजेडाकडे झेपावतं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि गंमत अशी की तो ज्या गोष्टीबद्दल चुकतो तिच्या मुळाशी खरोखरच एक बी-जीवनसत्त्व आहे. उजेड कुठून येतो हे रोपाला ज्यानं कळतं तो अवयव म्हणा, यंत्रणा म्हणा, बी-२ वाचून चालतच नाही. तरीही बी-२ ची गोळी कुंडीत घालून काही होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

चार्ल्स डार्विननं उत्क्रांतीवर लिहून झाल्यावर म्हातारपणी जी कामं केली त्यांत रोपांच्या हालचालींचा अभ्यास होता. मुलगा फ्रान्सिस मदतीला. १८८० साली दोघांचं पुस्तक निघालं तेव्हा चार्ल्स ७१ वर्षांचा होता. त्यांनी निवडलेलं रोप म्हणजे पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यांना ज्याचं बी घालतात ते गवत. गवताच्या कुळातला कोणताही कोंब, म्हणजे आपल्या घटातला गहू किंवा ज्वारीसुद्धा, मातीतून वर येतो तो एका पोकळ म्यानात. पहिलं पान त्या म्यानात गुंडाळलेलं असतं. नंतर ते म्यान फोडून बाहेर पडतं. या म्यानाला कोलिओप्टाइल म्हणतात, आणि वळतं ते हेच.

डार्विन पितापुत्रांनी या म्यानाच्या शेंड्यांवर टोप्या घातल्या. काही कथलाच्या पातळ पत्र्याच्या, काही काळ्या रंगवलेल्या काचेच्या, काही नुसत्या पारदर्शक काचेच्या. पारदर्शक टोपीखालचे कोंब वळले. काळ्या टोपीखालचे सरळ राहिले. मग उलट केलं: कोंबाचा खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरला आणि फक्त शेंडा उघडा ठेवला. आता अंधारात असलेला खालचा भाग वाकला. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतं खालचं अंग. शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो. आणखी एका प्रयोगात त्यांनी अंधाऱ्या खोलीत लहानसा दिवा ठेवून निरनिराळ्या अंतरांवर कुंड्या मांडल्या. १२ फुटांवर उजेड इतका मंद होता की पांढऱ्या तबकडीवरचे घड्याळाचे मोठे रोमन आकडेही त्यांना वाचता येईनात. तिथले कोंबही काही तासांनी दिव्याकडे झुकले. नंदादीपाची पिवळी ज्योत अंधारात वाढलेल्या गव्हाच्या कोंबाला का पुरते, याचं उत्तर यात आलं.

पुढची पायरी डेन्मार्कच्या पीटर बॉयसन-जेन्सननं गाठली. शेंडा कापला आणि मध्ये जिलेटिनचा तुकडा ठेवून परत बसवला, तर निरोप खाली पोचतो. अभ्रकाची चकती घातली तर अडतो. म्हणजे निरोप हा पाझरणारा कसलासा पदार्थ आहे. तो हाती लागला १९२६ मध्ये, हॉलंडमधल्या युट्रेख्ट विद्यापीठात, फ्रिट्स वेंट या तरुणाच्या. दिवसा सक्तीची लष्करी नोकरी आणि रात्री वडिलांच्या प्रयोगशाळेत काम, असा त्याचा दिनक्रम होता. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं ते अगर वेंटनं वापरलं. ओटच्या कोंबांचे कापलेले शेंडे अगरच्या थरावर काही वेळ ठेवले, मग शेंडे टाकून दिले आणि अगरचे बारीक ठोकळे केले. शेंडा छाटलेल्या कोंबाच्या बुडख्यावर असा एक ठोकळा मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवला. पूर्ण अंधार. तरी कोंब वाकला, ठोकळ्याच्या विरुद्ध दिशेला. अगरवर जितके जास्त शेंडे ठेवलेले असत तितका वाकण्याचा कोन मोठा. वेंटनं पुढं आठवण लिहून ठेवली आहे की यश आलं ती वेळ पहाटे तीनची होती. तो धावत घरी गेला, वडिलांना उठवलं, आणि वडिलांनी उद्या पुन्हा करून बघ, खरं असेल तर पुन्हा होईल, एवढंच सांगितलं.

हा पदार्थ म्हणजे ऑक्झिन. एका बाजूनं उजेड आला की ऑक्झिन सावलीच्या बाजूला जास्त उतरतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. याचा अर्थ उजेडाकडची बाजू काही ओढत नाही. सावलीची बाजू वाढून ढकलते.

इथून जीवनसत्त्वांचा प्रवेश होतो, आणि तोही त्याच युट्रेख्टमधून. फ्रिट्स क्योग्ल हा तिथला रसायनशास्त्रज्ञ ऑक्झिन शुद्ध करण्याच्या मागे लागला. कोंबांचे लाखो शेंडे कापूनही हाती काही लागण्याजोगं येत नाही, म्हणून त्यानं दुसरा साठा शोधला, तो म्हणजे माणसाची लघवी. १९३४ मध्ये तिच्यातून त्याच्या गटानं इंडोल ॲसेटिक ॲसिड वेगळं केलं. झाडांतलं प्रमुख ऑक्झिन ते हेच. (त्याआधी याच प्रयोगशाळेनं ऑक्झिन-ए आणि ऑक्झिन-बी अशी आणखी दोन नावं जाहीर केली होती. ती पुढं कुणालाच सापडली नाहीत. जपून ठेवलेले नमुने १९६० च्या दशकात तपासले तेव्हा ते भलतेच पदार्थ निघाले. विज्ञानाच्या इतिहासातलं हे एक ओशाळं पान आहे.) याच क्योग्लनं १९३६ मध्ये बदकांच्या अंड्यांच्या २५० किलो वाळवलेल्या बलकातून सुमारे एक मिलिग्रॅम बायोटिन काढलं. केस आणि नखांसाठी आज ज्याच्या गोळ्या विकतात ते हे बायोटिन, बी-गटातलंच. त्या काळी संप्रेरक आणि जीवनसत्त्व यांच्यात आजच्यासारखी पक्की भिंत नव्हती. अगदी सूक्ष्म मात्रेत वाढ घडवणारे पदार्थ, एवढीच ओळख. ऑक्झिन, बायोटिन, बी-१ सगळे एका पंक्तीला बसत.

पंक्तीतल्या बी-१ नं मग जो गोंधळ घातला तो आजच्या गोळीच्या सल्ल्याचा पूर्वज आहे. अमेरिकेत फिलिप व्हाइटनं १९३४ मध्ये टोमॅटोची तोडलेली मुळं काचेच्या चंबूत साखर, क्षार आणि यीस्टचा अर्क यांवर सतत वाढती ठेवून दाखवली. यीस्टच्या अर्कात असं काय आहे? १९३७ मध्ये उत्तर आलं: बी-१, म्हणजे थायमिन. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत जेम्स बॉनरनं वाटाण्याच्या तोडलेल्या मुळांवर ते दाखवलं. थायमिन प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत नुकतीच, १९३६ मध्ये सापडली होती. माल स्वस्त होऊ लागला होता आणि गिऱ्हाईक हवं होतं.

बॉनरला सुरुवातीच्या काही प्रयोगांत कुंडीतल्या सबंध झाडांवरही फायदा दिसला. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका खपाच्या घर-बाग मासिकानं तो विषय उचलला आणि बी-१ घातलं तर पाच इंची गुलाबाच्या कळ्या, फराळाच्या बशीहून मोठी डॅफोडिलची फुलं आणि सहा फुटी स्नॅपड्रॅगन मिळतील असं छापलं. देशभर बागवाल्यांची झुंबड उडाली. त्यानंतर दोन-तीन वर्षं विद्यापीठांच्या शेतांवर आणि काचघरांत रीतसर चाचण्या झाल्या, आणि फायदा दिसेना. बॉनरनं स्वतःच जाहीर लिहिलं की वाढत्या, धडधाकट झाडाला बाहेरून बी-१ देण्याचा बागायतीत उपयोग नाही. शास्त्रज्ञानं आपल्याच गाजलेल्या शोधाचा बाजार असा बंद करावा, हे वारंवार घडत नाही. बाजार मात्र पूर्ण बंद झाला नाही. रोप हलवताना बसणाऱ्या धक्क्यावर उतारा म्हणून बी-१ ची द्रावणं आजही अनेक देशांत विकली जातात. त्यांतल्या काहींत ऑक्झिनच्या जातीचं मुळं फोडणारं रसायनही घातलेलं असतं, आणि श्रेय बी-१ ला जातं.

चूक कुठं झाली होती? तोडलेल्या मुळाला बी-१ बाहेरून लागतं हे शंभर टक्के खरं. पण ते मूळ पानांपासून तोडलेलं होतं. झाडाची पानं बी-१ तयार करतात आणि खाली मुळांना पाठवतात. टोमॅटोच्या झाडात हे दळणवळण बॉनरनंच पुढं दाखवून दिलं. माणसाला जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं कारण ते बनवायचं कसब आपल्या शरीरात नाही. झाडाकडे ते आहे. बी-१ चे पहिले स्फटिक १९२६ मध्ये जावा बेटावर भाताच्या कोंड्यातून मिळाले, ते भातानं स्वतः बनवून दाण्यात साठवलेलं बी-१ होतं. आपण तांदूळ पांढराशुभ्र हवा म्हणून ते गिरणीत घासून टाकतो आणि मग औषधाच्या दुकानातून आणतो. ते आणून पुन्हा झाडाला पाजणं म्हणजे दुभत्या म्हशीला डेअरीतलं दूध विकत आणून पाजण्यातला प्रकार.

आता बी-२. ऑक्झिन सापडलं, पण उजेड टिपतो कोण, हा प्रश्न तसाच होता. जर्मनीच्या युलियस झाक्सनं १८६४ मध्येच दाखवलं होतं की रोप निळ्या प्रकाशाकडे वळतं, तांबड्याकडे नाही. म्हणजे निळा प्रकाश शोषणारं, अर्थात डोळ्याला पिवळं दिसणारं, काहीतरी शेंड्यात असलं पाहिजे. पिवळे उमेदवार दोन होते. एक कॅरोटिन, गाजरातलं, ज्यापासून आपलं शरीर जीवनसत्त्व अ बनवतं. दुसरं रायबोफ्लेविन, म्हणजेच बी-२. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती याच्यामुळे.

कॅरोटिनची बाजू भक्कम वाटत होती. १९३६ मध्ये ओटच्या कोंबात कॅरोटिन असल्याचं दाखवणाऱ्यांत जॉर्ज वाल्ड होता, ज्याला पुढं १९६७ मध्ये डोळ्यातल्या जीवनसत्त्व अ वरच्या कामासाठी नोबेल मिळालं. माणूस अ जीवनसत्त्वाच्या आधारानं बघतो, तर झाडही त्याच घराण्यातल्या पदार्थानं बघत असेल, हा तर्क मोह पाडणारा होता.

बी-२ च्या बाजूनं उभा राहिला आर्थर गाल्स्टन, तोही कॅलटेकमध्येच. १९४९ मध्ये त्यानं परीक्षानळीत दाखवलं की रायबोफ्लेविन आणि ऑक्झिन एकत्र उजेडात ठेवले तर रायबोफ्लेविन प्रकाश शोषतं आणि ऑक्झिनचा नाश करतं. लगेच एक सुटसुटीत कल्पना तयार झाली: उजेडाच्या बाजूचं ऑक्झिन बी-२ मुळे जळून जातं, सावलीचं शिल्लक राहतं, म्हणून रोप वळतं. कल्पना इतकी छान होती की खरी असती तर बरं झालं असतं.

ती खोडून काढली विन्स्लो ब्रिग्जनं, १९५७ मध्ये. प्रयोग बघण्यासारखा आहे. मक्याच्या कोंबांचे शेंडे अगरवर ठेवले. काही अंधारात, काहींवर एका बाजूनं उजेड. ऑक्झिन जळत असेल तर उजेडातल्या शेंड्यांखाली ते एकूण कमी भरायला हवं. भरलं सारखंच. मग त्यानं शेंडे उभे चिरून मध्ये काचेचा पातळ पापुद्रा सरकवला, उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू पूर्ण वेगळी केली. दोन्ही बाजूंना ऑक्झिन समसमान मिळालं. चीर वरपर्यंत न नेता टोकाशी थोडा भाग जोडलेला ठेवला, तर मात्र सावलीकडे कितीतरी जास्त. म्हणजे ऑक्झिन नष्ट होत नाही, आडवं सरकतं, आणि सरकतं ते अगदी टोकाशी.

गाल्स्टनची अर्धी कल्पना गेली. उरलेली अर्धी, उजेड टिपणारा पदार्थ बी-२ च्या कुळातला आहे ही, मात्र खरी ठरली. त्याला आणखी ४० वर्षं लागली. मधल्या काळात वाद बराचसा आलेखांवर चालला. रोप कोणत्या तरंगलांबीला किती वळतं याचा आलेख काढला की निळ्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास तीन उंचवटे दिसत. ते कॅरोटिनशी जुळत. पण ३७० च्या आसपास, अतिनीलात, आणखी एक उंचवटा असे. तो फ्लेविनशी, म्हणजे बी-२ च्या कुळातल्या पदार्थांशी जुळे, कॅरोटिनशी नाही. कॅरोटिन बनूच न दिलेली मक्याची रोपंही उजेडाकडे वळतात हे दिसल्यावर पारडं झुकलं. निकाल लागला तो अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर. ब्रिग्जच्याच गटाला निळ्या उजेडाकडे न वळणारी रोपं सापडली. १९९७ मध्ये त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक ओळखलं गेलं. १९९८ मध्ये ते जनुक किड्यांच्या पेशींत घालून त्याचं प्रथिन तयार केलं, तर त्या प्रथिनाला फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइड चिकटलेलं आढळलं. हे रायबोफ्लेविनला फॉस्फेट जोडून झालेलं रूप. या प्रथिनाला पुढच्या वर्षी फोटोट्रोपिन हे नाव मिळालं.

फोटोट्रोपिनच्या रेणूत दोन कप्पे असतात आणि प्रत्येकात बी-२ चा एक रेणू बसलेला असतो. अंधारात तो नुसता बसून असतो. निळा प्रकाश पडला की तो शेजारच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी रासायनिक बंध जोडतो, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि प्रथिनाचा दुसरा भाग फॉस्फेट लावण्याचं काम सुरू करतो. तिथून निरोप पुढं जातो आणि शेवटी ऑक्झिन वाहून नेणाऱ्या प्रथिनांची मांडणी व काम बदलून त्याचा ओघ सावलीकडे वळतो. उजेड गेला की तो बंध थोड्या वेळात आपोआप सुटतो आणि रेणू पुन्हा तयार. पानांवरची रंध्रं सकाळी निळ्या उजेडात उघडतात आणि कडक उन्हात पेशींतली हरितलवकं कडेला सरकतात, त्यामागेही हीच फोटोट्रोपिन्स आहेत. क्रिप्टोक्रोम नावाचे निळा प्रकाश ओळखणारे दुसरे रेणूही बी-२ पासून बनलेलं एक फ्लेविनच वापरतात.

थोडक्यात, माणूस अ जीवनसत्त्वानं बघतो आणि रोप बी-२ नं. मग बी-२ ची गोळी कुंडीत का नको?

पहिलं म्हणजे रोप बी-२ स्वतः बनवतं, बी-१ सारखंच. बनवण्याचं कसब जनुक बिघडल्यामुळे गेलेली रोपं प्रयोगशाळेत असतात आणि त्यांना जीवनसत्त्व दिलं की ती सुधारतात. पण बाल्कनीतली तुळस तशी नसते. दुसरं, वळणं हे बी-२ च्या साठ्यावर अवलंबून नाही. फोटोट्रोपिनच्या कप्प्यात एकच रेणू मावतो. तो भरलेला असला की बाहेर आणखी हजार रेणू तरंगले तरी रोपाची नजर काही वाढत नाही. तिसरं, रायबोफ्लेविन उन्हात टिकत नाही. काचेच्या बाटलीतलं दूध उन्हात ठेवलं तर त्यातलं बी-२ काही तासांत बरंचसं नष्ट होतं. पानांवर फवारलेल्या द्रावणाची गत वेगळी नसते. आणि मातीत ओतलेल्या गोळीवर पहिला हक्क जिवाणू आणि बुरशीचा. गोळीतल्या स्टार्चची मेजवानी त्यांना होते. बी-कॉम्प्लेक्समधल्या बी-१२ चं तर विचारूच नका. ते झाडांना लागतही नाही, झाडं बनवतही नाहीत.

जीवनसत्त्वं झाडाला खरोखर मोजून द्यावी लागतात अशी एक जागा आहे, आणि ती महाराष्ट्रात पुष्कळांच्या ओळखीची आहे. टिश्यू कल्चर. जळगाव भागात केळीचे मुनवे खणून लावण्याऐवजी ग्रँड नैन म्हणजे जी-९ ची टिश्यूची रोपं लावणं आता अंगवळणी पडलं आहे. ती रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढतात ती अशा खाद्यावर, ज्याचा मूळ पाठ तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी लिहिला. स्कूगही कॅलटेकमध्येच शिकलेला. त्या पाठात एका लिटरला थायमिन ०.१ मिलिग्रॅम, निकोटिनिक आम्ल ०.५ आणि पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ ०.५ मिलिग्रॅम आहे. जोडीला साखर ३० ग्रॅम. कारण बाटलीतला पेशींचा गोळा हा व्हाइटच्या टोमॅटोच्या मुळासारखाच पोरका असतो. त्याला पोसायला पानं नसतात. यादीत बी-२ नाही हेही बघण्यासारखं आहे. बाटल्या दिव्याखाली असतात, आणि उजेडात रायबोफ्लेविन ऑक्झिन मोडतं. गाल्स्टनची परीक्षानळी इथं खरी होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं १९९० मध्ये बाटलीतल्या बांबूला फुलं आणून दाखवली, जे जंगलात व्हायला कित्येक दशकं लागतात, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. अशा कामाचा पाया म्हणजे हे बारकाईनं तोललेलं खाद्य. पण तीच रोपं हार्डनिंगसाठी, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावण्यासाठी, शेडनेटखाली गेली, पानं धरू लागली, की जीवनसत्त्वांचा पुरवठा बंद होतो आणि कुणाचं काही अडत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जीवनसत्त्वाच्या फवारणीचा काहीच परिणाम होत नाही असं म्हणणं अतिरेक होईल. थायमिन आणि रायबोफ्लेविन फवारल्यावर रोपाची रोगप्रतिकाराची यंत्रणा सावध होते, असं २००० नंतरच्या काही चांगल्या प्रयोगांत दिसलं आहे. भातावर थायमिनचा प्रयोग कोरियात झाला. तिथं ते खाद्य म्हणून काम करत नाही, इशारा म्हणून करतं. खाऱ्या जमिनीत किंवा पाण्याच्या ताणात क जीवनसत्त्वाचा फायदा दिसल्याचेही प्रयोग आहेत. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा समावेश केला, त्याच्या वर्गवारीत जीवनसत्त्वं हा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे कृषी सेवा केंद्रात टॉनिक म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर जीवनसत्त्व लिहिलेलं असेल, तर ते आपोआप थोतांड ठरत नाही. पण मात्रा, पीक, वेळ आणि ताण यांवर सगळं अवलंबून असतं, आणि यांतल्या एकाही प्रयोगाचा रोपाच्या उजेडाकडे वळण्याशी संबंध नाही. टॉनिक घेणाऱ्या शेतकऱ्यानं एक गोष्ट जरूर करावी: दोन ओळी बिनफवारणीच्या सोडाव्यात. बी-१ च्या झुंबडीत अमेरिकन बागवाल्यांना हेच सुचलं नव्हतं.

शाळकरी मुलं घरात असतील तर खरं-खोटं त्यांना स्वतःच बघता येईल. बुटांच्या खोक्याच्या एका बाजूला रुपयाएवढं भोक पाडा. आत दोन वाट्यांत भिजवलेले गहू पेरा. एकीला साधं पाणी, दुसरीला गोळीचं. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की बघा, दोन्ही वाट्यांतले भोकाकडे वळलेले असतील. मग नव्या वाट्या घेऊन एका खोक्याच्या भोकावर निळा आणि दुसऱ्याच्या भोकावर लाल जिलेटिन कागद दोन-तीन घड्या करून चिकटवा. गोळीनं न पडलेला फरक रंगानं पडेल. झाकण उघडून सारखं डोकावू नका, तेवढा उजेडही कोंबांना पुरतो.

आणि बाल्कनीतलं रोप ग्रिलकडे वाकून लांबुडकं, फिकट झालं असेल, तर त्याला जीवनसत्त्व कमी पडलेलं नाही, उजेड कमी पडतो आहे. कुंडी जास्त उजेडात हलवा. ते शक्य नसेल तर आठवड्यातून एकदा पाव फेरी फिरवा, म्हणजे खोड सरळ राहील. गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतील तर मुदतीत तुम्हीच घ्या.